पाण्याची हाक

आमच्या घरी पेपर कुणी वाचत नाही, सगळे ऐकतात. सकाळी साडेसहा वाजले की आमचे हे खिडकीशी उभे राहतात, पेपर छातीपुढं धरतात आणि खणखणीत आवाजात सुरू होतात. कापसाचे भाव रडक्या आवाजात, पुढाऱ्याचं भाषण म्हाताऱ्या हेडमास्तरच्या आवाजात, जाहीर नोटीस असली की वकिलासारखं नाकातून. चाळीस वर्षं झाली या सोंगाला. शेजारच्या फ्लॅटमधी नवी सून आली तेव्हा तिला आठवडाभर वाटलं, या घरात रोज सकाळी चार-पाच बाप्ये भांडतात. एकदा धीर करून तिनं मला जिन्यात विचारलं, "काकू, काही त्रास आहे का घरात?" मी म्हणलं, "आहे ना बाई, एकच आहे. रेडिओत काम करायचा तो."

त्रिंबक सांडू शिंगाडे हे नाव आमच्या शहरात कुणाला माहीत नाही. छत्रपती संभाजीनगर म्हणायला मी आता शिकले, तरी घाईत तोंडातून औरंगाबादच निघतं, काय करणार. तर नाव माहीत नाही, पण आवाज? औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात ह्यांनी नुसतं "मेथी कशी दिली?" विचारलं की पलीकडचा भाजीवाला तराजू खाली ठेवतो. "अरे, ये तो रेडिओवाले बापूराव हैं! चाचा, हमारे अब्बा तुमारी आवाज आई तबीच रोटी को हात लगाते थे!" आणि वर मूठभर कोथिंबीर. कोथिंबीर मला मिळते, मान ह्यांना मिळतो. असू द्या, हिशेब बरोबर आहे.

पण मला सांगायचंय ते ह्यांच्या रेडिओतल्या सोंगाचं, त्या बापूरावाचं नाही. मला सांगायचंय ते मागच्या वर्षी ह्यांचा आवाज ह्यांच्याच तोंडातून काढून घेतला होता, त्याचं. आणि तो परत कसा आला, त्याचं.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. सिल्लोडच्या पुढं अजिंठ्याच्या डोंगराला लागून ह्यांची वाडी. घरचा धंदा मेंढरांचा. आजा मेंढरामागं, बाप मेंढरामागं. त्या घरांमधी पोरगं धड चालायला लागायच्या आधी हाका शिकतं. उठायची हाक वेगळी, वळायची वेगळी, लांडगा दिसला तर वेगळी. सगळ्यांत लांब पाण्याची. ती पोटातून निघती, "ह्योऽऽऽ" करत वर चढती, मधी दोनदा मोडती आणि "हुर्रर्र हुर्रर्र" करत खाली उतरती. दुपारी ती दिली की मेंढरं तोंडातलं गवत टाकून तळ्याकडं पळतात. प्रत्येक घराची हाक निराळी, एकाची दुसऱ्याच्या कळपाला कळत नाही. ह्यांची पाण्याची हाक मात्र दोनदा नाही, तीनदा मोडायची, लहानपणापासून. सासरे चिडायचे, "आरं दोनदा मोड, मेंढरं घोटाळत्यात." पण ह्यांचा गळाच तसा.

आणि एक नेम होता. डोंगरावरून घरच्या माणसाची हाक आली की खाली ज्यानं ऐकली त्यानं होकार द्यायचा. हातात भाकरी असो नाहीतर लेकरू असो, उभं राहून मोठ्यानं "होऽऽ होय" म्हणायचं. मग वरच्याला समजतं, आपलं माणूस खाली आहे, आपण एकटे नाही. माझे सासरे, सांडूमामा, आजही सांगतात, "ज्यानं हाक सोडली त्यानं माणूस सोडलं."

ह्यांनी मेंढरंच सोडली. अजिंठ्याच्या शाळेत एका मास्तरांनी नाटकात उभं केलं आणि डोक्यात जे शिरलं ते शिरलं. शहरात आले, कॉलेज केलं, वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरमधी चिकटले आणि आवाजाची परीक्षा देऊन रेडिओ केंद्राच्या नाटकांच्या यादीत गेले. महिन्यातून बोलावतील तेवढे दिवस जायचं. धाकटा भाऊ अजिनाथ मेंढरामागं राहिला. आणि ह्यांनी मनाशी काय ठरवलं असेल, की आपण कळप सोडून आलो, आता हाक द्यायचा आपल्याला हक्क नाही. वाडीवर गेलं तरी कधी हाक द्यायचे नाहीत. मेंढरं समोरून गेली की हे खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत बसायचे.

मी वैजापूरची. माझे वडील मोंढ्यात हमाल होते, कांद्याच्या लिलावाच्या आरडाओरड्यात मी लहानाची मोठी झाले. त्यामुळं आवाज म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. लग्न झालं आणि दोन महिन्यांनी ह्यांचं पहिलं मोठं रेडिओ नाटक लागलं, रविवारी दुपारी. हे शहरात, मी वाडीवर. सगळी वाडी आमच्या ओसरीवर जमली. सासऱ्यांनी ट्रान्झिस्टर धुतल्यासारखा पुसला आणि खुंटीला टांगला. ह्यांचं काम कलेक्टरच्या मोठ्या कारकुनाचं होतं. काय ती भाषा! "आपण कृपया आसनस्थ व्हावे." मला तर अंगावर मूठभर मांस चढलं. नाटक संपलं आणि सासरे म्हणाले, "आता त्रिंबक कव्हा यायचा?"

मी म्हणलं, "मामा, आत्ताच झाले ना ते! तो कारकून म्हणजे तेच."

"नाय," सासरे म्हणाले. "तो मह्या पोराचा आवाज नाय." मग पायाशी पडलेल्या कुत्र्याकडं बोट दाखवलं. "त्यानं तरी कान टवकारला का?"

खरंच नव्हता टवकारला. ते कुत्रं ह्यांच्या हातचं वाढलेलं, ह्यांची चाहूल फर्लांगभरावरून ओळखायचं. नाटकभर मेल्यानं झोपा काढल्या.

पुढच्या शनिवारी हे आले. उंबऱ्यातूनच डोळ्यांनी विचारत होते. मी म्हणलं, "छान झालं म्हणले मामा." पण सासरे काही खोटं ठेवणारे नाहीत. ह्यांना जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "त्या दिशी तो साहेब लई ग्वाड बोलला. तू कामून नाय बोलला?"

बाप असा चेष्टेनं बोलला असता तर बरं झालं असतं, रागावता आलं असतं. पण ते खरंच विचारत होते. हे हसले, पाण्याचा तांब्या उचलला आणि मागं निघून गेले. तेव्हापासून ह्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. बक्षीस नको, फोटो नको. बापानं एकदा म्हणावं, हा माझा त्रिंबक.

मग बापूराव आला. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातला भाबडा शेतकरी, रोज संध्याकाळी तज्ज्ञाला प्रश्न विचारणारा. बावीस वर्षं! त्याची भाषा कागदावर लिहून यायची आणि ती खेडवळ होती, पण कुठल्या खेड्याची ते विचारू नका. सासरे रोज ऐकायचे. एकदा म्हणाले, "बापूराव शाना माणूस हाय रं. पण हाय कुठल्या गावचा?" हे म्हणाले, "कागदावरच्या गावचा, आबा."

टीव्हीवर गेले तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. एका मालिकेत चार भागांचं काम मिळालं, गावच्या चुगलखोराचं. तिथं एक पंचविशीचा पोरगा ह्यांना शिकवायला. "काका, थोडं गावाकडचं बोला ना. काय रं पाव्हणं, असं." आता बघा! मेंढरामागं वाढलेल्या माणसाला गावाकडचं बोलायला हा शिकवणार, ज्यानं बकरी फक्त ताटात पाहिली! ह्यांनी "काय लई दिसानं?" म्हणलं तर त्याला ते पटेना. त्याच्या हिशेबानं महाराष्ट्रात खेडं म्हणजे फक्त तिकडं घाटाखाली-घाटावर, आमचा मराठवाडा म्हणजे नुसता दुष्काळाच्या बातमीपुरता. ह्यांनी निमूट "काय रं पाव्हणं" केलं. सासऱ्यांनी ते ऐकलंसुद्धा नाही. तोवर काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती, टीव्हीपुढं बसणं त्यांनी सोडलं होतं.

आठ वर्षं झाली, नजर पूर्ण गेली. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हे सासऱ्यांजवळ बसून लहान मुलासारखं रडले. सासरेच ह्यांची समजूत घालायला लागले, "आरं, त्यात काय? तुव्हं काम मला बघायचं नव्हतंच. आयकायचं व्हतं."

तर अशात मागच्या वर्षी पिक्चरचं काम आलं. सुदर्शन नावाचा तिशीतला दिग्दर्शक, पुण्याचा, चेहऱ्यानं पोरगेलासा, बोलायला गोड. त्याला म्हातारा मेंढपाळ पाहिजे होता आणि मुख्य काम त्याचंच. ह्यांचं वय बासष्ट, चेहरा उन्हानं भाजलेला. बघताक्षणी म्हणाला, "काका, तुम्हीच." त्या दिवशी आमच्या घरी पुरणपोळी झाली. मुलगी प्रांजली बँकेतून रजा टाकून आली. ह्यांनी पोळी खाता खाताच विचारलं, "भाषा कोणती ठेवायची?" सुदर्शन म्हणाला, "तुमची, काका. अगदी तुमची."

ही "अगदी तुमची" लक्षात ठेवा.

शूटिंग डोंगरापलीकडं, पाझर तलावाच्या वरच्या माळावर. कळप अजिनाथचाच लावला, घरची एकशे ऐंशी मेंढरं. मी आणि प्रांजली बघायला गेलो होतो. प्रसंग असा, की म्हातारा दगडावर बसलाय आणि मेंढरं त्याच्यामागं शांत चरतायत. दुपार झालेली. सुदर्शन लांबून ओरडला, "काका, इथं एक हाक द्या! कुठलीपण चालेल!"

चव्वेचाळीस वर्षं ज्यानं हाक दिली नव्हती तो माणूस उभा राहिला. मी बघत होते, ह्यांची मान ताठ झाली, छाती भरली आणि काय सूर्य डोक्यावर आला म्हणून असेल, नाहीतर काय असेल, तोंडातून निघाली ती पाण्याची हाक. तीनदा मोडलेली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

काटा आला तो आला, पण मेंढरं! एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी मेंढरांनी माना वर केल्या आणि वळली. तळं कुठं होतं? कॅमेऱ्याच्या मागं! धाड धाड धाड. मोठी छत्री आडवी, जेवणाचं टेबल आडवं, वरणाचं पातेलं उताराला लागलेलं, सुदर्शन खुर्चीसकट बाभळीच्या झुडपात. अजिनाथ मागून "वयनी, धरा, धरा!" म्हणून ओरडतोय. काय धरा? माझं हसणं मला धरवेना. प्रांजली मोबाईलवर सगळं घेत होती, ती पण हसून वाकलेली.

हे मात्र पांढरेफटक पडले. "चुकलो," म्हणाले. "कुठलीपण म्हणले आणि मी पाण्याची दिली. वेळच पाण्याची होती ना." हात जोडून सगळ्यांची माफी मागत फिरले. सुदर्शन काटे काढत "असू द्या काका" म्हणाला, पण त्याचा दिवस वाया गेला होता. पुढचं शूटिंग नीट झालं. ह्यांनी काम तर असं केलं की जेवण वाढणाऱ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या.

तीन महिन्यांनी फोन आला. हे खिडकीशी उभे, पेपरात कांद्याचा भाव नुकता रडायला लागला होता. ह्यांनी फोन कानाला लावला. "बरं," म्हणाले. "बरं. नाही, माझं काय असणार. ठीक आहे." फोन ठेवला आणि पेपराची घडी केली.

"काय झालं?"

"आवाज दुसऱ्याचा घालणारेत. पुण्याचा एक आवाज देणारा आहे म्हणे, चांगला आहे. निर्मात्यांना वाटतं, माझी भाषा प्रेक्षकांना गावाकडची वाटत नाही."

"आणि तुम्ही ठीक आहे म्हणलात?"

"मग काय भांडू? चेहरा राहणार आहे ना."

"चेहरा?" मी म्हणलं. "चेहऱ्याचं काय लोणचं घालायचंय? मामांना दिसतो का तुमचा चेहरा?"

बोलून गेले आणि जीभ चावली. चाळीस वर्षं रेडिओनं ह्यांचा आवाज घेतला, चेहरा कुणाला दाखवला नाही. आता चेहरा घेऊन आवाज फेकून देणार होते. दुसऱ्या दिवशी साडेसहाला हे खिडकीशी गेले, पेपर उघडला आणि मनातल्या मनात वाचला. तिसऱ्या दिवशी पण तसंच. शेजारची सून मला जिन्यात विचारते, "काकू, काका बरे आहेत ना? आवाज नाही." तिचं ते विचारणं ऐकून मला रडूच कोसळलं.

त्याच आठवड्यात प्रांजलीच्या मोबाईलवर सुदर्शननं एक तुकडा पाठवला, काकांना दाखवा म्हणून. दगडावर हे बसलेत, उठतात, हाक देतात. हाक पुण्याची! "ए चला गं बायांनोऽ, हुर्र!" म्हणजे लग्नातल्या वऱ्हाडाला बसमधी चढवावं तशी. मी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात ते कुत्रं आलं. त्यानं तरी कान टवकारला का?

प्रांजलीला म्हणलं, "तू त्या दिवशी मोबाईलवर घेतलं होतंस ते आहे का?" होतं. "ते माझ्या फोनमधी घाल. आणि ह्यांना काही बोलू नकोस."

सकाळच्या बसनं मी सिल्लोडला, तिथून जीपनं वाडीवर. अजिनाथला सांगितलं, भजनी मंडळाचा तो गाणी वाजवायचा मोठा डबा घे आणि माळावर चल. तो आधी घाबरला. "वयनी, भावाला कळलं तर?" मी म्हणलं, "तुझ्या भावाला मी बघते. तू मोबाईल धरून निस्तं शूटिंग घे." सकाळचे दहा वाजले होते, पाण्याची वेळही नव्हती. मेंढरं खाली मान घालून चरत होती. डबा दगडावर ठेवला आणि आधी पुण्याची हाक लावली, मोठ्या आवाजात. "ए चला गं बायांनोऽ!" एका मेंढरानं मान वर केली असेल तर शपथ. तीन वेळा लावली. एका बोकडानं तेवढी शेपटी हलवली, ती पण माशी बसली म्हणून.

मग ह्यांची लावली.

"ह्योऽऽऽ." पहिली मोड. सगळ्या माना वर. दुसरी मोड. घंटेवाली पुढारीण वळली. तिसरी मोड आली तेव्हा अख्खा कळप डब्याकडं पळत होता आणि डब्याशेजारी कोण उभं होतं? मी! आईशप्पथ, मला पळायलाही जागा मिळाली नाही. चहूकडून लोकर, ढुसण्या, मी पातळासकट मटकन खाली. पाण्याची वेळ नव्हती, म्हणून तळं सोडून हाक देणाऱ्या माणसालाच शोधत होती बिचारी. अजिनाथ हसून हसून बेजार, तरी मोबाईल सोडला नाही त्यानं.

तसंच धुळीत बसून मी सुदर्शनला ते पाठवलं आणि खाली बोलूनही टाकलं, "सुदर्शनभाऊ, तुमचे निर्माते म्हणतात ही भाषा गावाकडची वाटत नाही. मी गावातल्या एकशे ऐंशी जणांना विचारलं. उत्तर सोबत जोडलंय. आणि ह्यांचे वडील आंधळे आहेत. त्यांनी तुमच्या पिक्चरमधी आपलं पोरगं शोधायचं कसं, तेवढं सांगा."

संध्याकाळी घरी आले तर ह्यांना प्रांजलीकडून कळलेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "शालू, माझी इज्जत घालवलीस! कलाकारानं असं हात पसरायचं असतं का?" मी म्हणलं, "हात मी पसरला, तुम्ही नाही. आणि ओरडता आहात ते बरं आहे, चार दिवसांनी आवाज तरी ऐकला." हे जेवले नाहीत. मी पण नाही.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सुदर्शनचा फोन, माझ्याच मोबाईलवर. आधी नुसता हसत होता. मग म्हणाला, "काकू, निर्मात्यांना दाखवलं. ते आधी पाच मिनिटं हसले. म्हणाले, म्हाताऱ्याचंच ठेवा." आणि पुढं म्हणाला, "अगदी तुमची भाषा, असं मीच काकांना म्हणालो होतो. मला तेव्हाच अडून बसायला पाहिजे होतं. सॉरी काकू." चांगलं पोरगं आहे, मी त्याला उगाच शिव्या दिल्या होत्या. फक्त एक अडचण होती. माळावर वारा लई होता, तिथं घेतलेला आवाज कामाचा नव्हता. ह्यांना पुण्याला येऊन सगळं बोलणं नव्यानं द्यायचं होतं, पडद्यावर स्वतःचे ओठ बघत. नवख्या माणसाला जमत नाही म्हणून चार दिवस राखून ठेवले होते.

नवखा माणूस! मी सोबत गेले, काचेबाहेर बसले होते. हे आत गेले, चपला काढल्या, माईकपासून वीतभर अंतर मोजलं आणि संवादाचे कागद सुटे करून घेतले. रेडिओची रीत. कागद उलटला तर सळसळ होती, म्हणून वाचून झालेलं पान हातातून अलगद सोडून द्यायचं, ते सतरंजीवर आवाज न करता पडलं पाहिजे. एकेक पान खाली पडत होतं आणि हे बोलत होते. सासऱ्यांचं बोलणं, वाडीचं बोलणं, "कव्हा", "कामून", "मह्या". ज्या माईकपुढं चाळीस वर्षं कारकून आणि बापूराव बोलले, तसल्याच माईकपुढं आज त्रिंबक बोलत होता. चार दिवसांचं काम दीड दिवसात उरकलं. मशीनवरचा पोरगा बाहेर येऊन मला म्हणाला, "मावशी, हे कुठं शिकले?" मी म्हणलं, "अर्धं रेडिओत, अर्धं मेंढरात."

शेवटी हाक राहिली. ती देताना ह्यांनी पडद्याकडं बघितलंच नाही. डोळे मिटले होते.

गेल्या महिन्यात शहरात पिक्चर लागला. अजिनाथनं सासऱ्यांना जीपमधी घालून आणलं, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, खांद्यावर घोंगडं. थिएटरच्या दारावरचा शिपाई घोंगड्याकडं बघायला लागला तर मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं दार उघडून धरलं. मधी सासरे, एका बाजूला हे, एका बाजूला मी. पिक्चर सुरू झाला आणि हे सासऱ्यांच्या पाठीमागून वाकून माझ्या कानात म्हणाले, "शालू, मी बाहेर जाऊन बसू का?" मी म्हणलं, "बसा गप."

पडद्यावरचा म्हातारा बोलायला लागला. सासरे मान तिरकी करून ऐकत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चेहऱ्यावर काही कळेना. मी तर देवाला नवस बोलून बसले. मग तो दगड आला, ती दुपार आली आणि अख्ख्या थिएटरात हाक घुमली. एकदा मोडली, दोनदा मोडली, तीनदा मोडली.

सासरे काठी टेकून उभे राहिले. आंधळी मान पडद्याकडं वर केली आणि छातीतला होता नव्हता तेवढा दम काढून ओरडले,

"होऽऽऽ होय!"

पुढच्या रांगेतली माणसं दचकून वळली. कुणीतरी हसलं, कुणीतरी "बसा बाबा" म्हणलं. सासऱ्यांना कशाची फिकीर नव्हती. हात पुढं करून हवेत चाचपडत होते. ह्यांनी तो हात धरला.

"त्रिंबक," सासरे म्हणाले, "आजूनबी तीनदाच मोडती रं तुव्ही."

आयुष्यभर बोलण्याचं काम केलेला माणूस, नुसती मान हलवत होता. शेवटी कसंबसं म्हणाले, "व्हय, आबा."

"मेंढरं पाण्यावर गेली का?"

"गेली, आबा. सगळी गेली."

"मग बस आता खाली," सासरे म्हणाले. "दमला आसशील."